मोजपट्टीबाहेरचा आजार

मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे थोडक्यात एमएस, या आजाराने माणूस किती अधू झाला हे ठरवण्यासाठी जगभरचे मेंदूविकारतज्ज्ञ गेली चार दशकं एकच मोजपट्टी वापरत आले आहेत. अमेरिकी डॉक्टर जॉन कुर्ट्झके यांनी ती १९८३ साली आजच्या रूपात मांडली. शून्य म्हणजे तपासणीत काहीच दोष नाही, आणि दहा म्हणजे मृत्यू. मधल्या टप्प्यांवर निकाल मुख्यतः चालण्यावरून लागतो. आधाराशिवाय सुमारे ५०० मीटर चालता आलं तर चार, २०० मीटर जमलं तर पाच, १०० मीटर जायला काठी लागली तर सहा. बुद्धी आणि मनःस्थितीसाठीही तिच्यात एक रकाना आहे, पण वरच्या आकड्यांवर त्याचा प्रभाव नाममात्र. नव्या औषधांच्या चाचण्या याच मोजपट्टीवर पार पडल्या आणि तिच्याबद्दल कृतज्ञ राहायलाच हवं. तरीही मीरा रोडच्या इमारतीतून निघून स्टेशनपर्यंत धडधाकट चालत जाणारी, लोकलमध्ये चढणारी, पण दुपारी दोननंतर समोरच्या कागदावरची तिसरी ओळ वाचताना पहिली विसरणारी बाई या पट्टीवर जवळजवळ निरोगी ठरते. तिची नोकरी, तिचा संसार आणि तिचा आत्मविश्वास ज्या गोष्टींमुळे डळमळतो, त्या तीन आहेत: थकवा, मनाची उदासी आणि विचारांचा मंदावलेला वेग. या तिन्ही गोष्टी एमएसच्या सावल्या नाहीत, त्या एमएसच आहेत. म्हणून प्रत्येक भेटीत त्यांची चौकशी आणि ठरावीक काळाने मोजणी व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या चेतातंतूंभोवती मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन असतं. त्याच्यामुळे मेंदूचे संदेश वेगाने धावतात. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती चुकून याच वेष्टनावर हल्ला करते. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा या तिन्ही ठिकाणी सूज येते, व्रण राहतात, आणि पुढे खुद्द तंतूही झिजतात. सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीत होते आणि स्त्रियांमध्ये प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतं. एका डोळ्याने अंधूक दिसणं, पायाला मुंग्या येणं, तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं ही लक्षणं डॉक्टरांकडे धाव घ्यायला लावतात, म्हणून ती सर्वांना माहीत आहेत. पण व्रण केवळ हातापायांच्या वाटेवर पडत नाहीत. मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी ज्या तंतूंनी जोडलेले असतात, तिथेही ते पडतात. लोकलच्या जलद मार्गावर काम निघालं की गाड्या धीम्या मार्गावर वळवतात. गाडी पोचते, पण उशिरा, आणि त्या मार्गावरच्या बाकीच्या गाड्याही खोळंबतात. एमएसच्या मेंदूत नेमकं हेच घडतं. मेंदूच्या हालचाली टिपणाऱ्या स्कॅनमध्ये दिसून आलं आहे की आजाराच्या सुरुवातीच्या काळात तेच साधं काम करताना रुग्णाच्या मेंदूचे निरोगी माणसापेक्षा जास्त भाग कामाला लागतात. उत्तर बरोबर येतं, पण त्याची किंमत दुप्पट मोजावी लागते. ती किंमत बाहेरून कोणाला दिसत नाही.

हे वैद्यकशास्त्राला उशिरा कळलं असंही नाही. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तँ शार्को यांनी १८६८मध्ये या आजाराचं पहिलं नेटकं वर्णन केलं, तेव्हाच रुग्णांची स्मृती क्षीण होते आणि कल्पना सावकाश आकार घेतात, अशी नोंद त्यांनी केली होती. पुढे हे निरीक्षण जवळजवळ शतकभर बाजूला पडलं. १९२६ साली लंडनमध्ये कॉट्रेल आणि विल्सन या डॉक्टरांनी शंभर रुग्णांशी बोलून निष्कर्ष काढला की बुद्धीवर परिणाम फक्त दोघांत दिसतो. १९९१ साली अमेरिकेत स्टीफन राव यांनी समाजात वावरणारे शंभर रुग्ण आणि त्यांच्याशी वय-शिक्षणाने जुळणारे शंभर निरोगी लोक घेतले, सर्वांच्या तपशीलवार मानसशास्त्रीय चाचण्या केल्या, आणि बाधितांचं प्रमाण निघालं ४३ टक्के. दोन आणि त्रेचाळीस. आजार तोच होता, फरक पद्धतीचा होता. गप्पांमधून बुद्धीचा अंदाज घेतला तर एमएसचा रुग्ण सहज सुटतो, कारण त्याची भाषा, शब्दसंग्रह, सामान्यज्ञान आणि शिष्टाचार बहुधा शाबूत असतात. मंदावतो तो वेग. विस्कटतं ते एकाच वेळी दोन-तीन गोष्टी डोक्यात धरून ठेवणं. दहा मिनिटांच्या सल्लामसलतीत यातलं काहीच उघडं पडत नाही.

न शोधल्यामुळे न सापडण्याचा असाच एक धडा मुंबईनेही गिरवला आहे. एमएस हा थंड हवेच्या, गोऱ्या लोकांच्या देशांतला आजार असून भारतात तो विरळा आहे, असा समज इथल्या वैद्यकीय वर्तुळात कित्येक वर्षं होता. मुंबईचे ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात पद्धतशीर मोजणी केली. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तिथे लाखामागे सुमारे २६ रुग्ण होते. तोवर एकूण भारतासाठी लाखामागे एक-दीड असा आकडा धरला जाई. पुढे एमआरआय आवाक्यात आला, आणि २०१४मध्ये मंगळूर शहरातल्या पाहणीने लाखामागे सुमारे आठ रुग्ण दाखवले. आपल्या मीरा-भाईंदर शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ८ लाख ९ हजार ३७८ होती. मंगळूरचं प्रमाण इथे लावलं, तर त्या लोकसंख्येत साठ-सत्तर रुग्ण असावेत. हा केवळ ढोबळ हिशेब आहे, आणि गेल्या दशकात शहर बरंच फुगलं आहे. जगभर आज सुमारे २९ लाख लोक एमएससह जगत आहेत. ‘साठ-सत्तर माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला?’ असं कोणी विचारेल. पण ही माणसं ऐन कमावत्या वयातली, बहुतेक तरुण स्त्रिया आणि लहान मुलांच्या आया आहेत. आणि जे मागितलं जातंय त्याला नवं रुग्णालय लागत नाही, फक्त प्रश्न विचारण्याची सवय लागते.

सुरुवातीला सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी सर्वांत सर्रास आढळणारा त्रास थकव्याचा. वेगवेगळ्या पाहण्यांत चारपैकी तीन किंवा त्याहून जास्त रुग्ण त्याची तक्रार करतात, आणि बऱ्याच जणांना तोच सर्वांत जाचक वाटतो. यावर लगेच येणारा आक्षेप मला पूर्ण समजतो. भाईंदरहून चर्चगेट चाळीस किलोमीटरहून जास्त आहे. रोज सकाळी विरारहून भरून आलेल्या गाडीत शिरायचं, तासाहून अधिक उभं राहायचं, संध्याकाळी तेच उलट्या दिशेने करायचं, आणि घरी येऊन कुकर लावायचा. या शहरात न थकलेला माणूस कोण आहे? पण दोन थकव्यांत फरक आहे, आणि तो तपासून पाहता येतो. आपला शीण कामाशी प्रमाणात असतो आणि रात्रभर झोपलं की उतरतो. एमएसचा थकवा काहीही न करता, सकाळी उठल्याउठल्याही येऊ शकतो, दुपारकडे वाढत जातो, उकाड्याने बळावतो आणि झोपेने हटत नाही. अंगातलं त्राण गेल्यासारखं होतं, पाय शिसाचे वाटतात, आणि त्याचबरोबर डोकंही बधिर होतं. लॉरेन क्रप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली नऊ वाक्यांची एक प्रश्नावली तयार केली. प्रत्येक वाक्याला एक ते सात गुण द्यायचे. ती भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि थकवा रोजच्या जगण्यात किती आडवा येतो हे तिच्यातून आकड्यांत उतरतं.

हा थकवा येतो कुठून? एक वाटा खुद्द आजाराचा: सूज निर्माण करणारी रसायनं, मंदावलेले संदेश, आणि वर सांगितलेली मेंदूची जादा मेहनत. दुसरा वाटा आजाराच्या आजूबाजूच्या गोष्टींचा, आणि डॉक्टर-रुग्ण दोघांच्याही हाती खरी संधी इथे आहे. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागत असेल, पाय आखडून झोपमोड होत असेल, तर दुसरा दिवस वाया जाणारच. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय घरोघरी आहे, थायरॉइडचे विकार आहेत. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी बॅक्लोफेन, टिझॅनिडिनसारखी औषधं गुंगी आणतात. यातली प्रत्येक गोष्ट शोधता येते आणि बहुतेकांवर उपाय आहे. पण ‘थकवा तर असणारच’ असं म्हणून फाइल मिटली, की हिमोग्लोबिन आठवर आलं आहे हेही वर्षभर कळत नाही.

उकाड्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्या शहराचा प्रश्न इथे वेगळा होतो. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उट्‌होफ यांनी १८९० साली नोंदवलं की श्रम केल्यावर काही रुग्णांची दृष्टी तात्पुरती अंधूक होते. पुढे लक्षात आलं की मूळ कारण शरीराचं वाढलेलं तापमान. वेष्टन गेलेला तंतू अर्ध्या अंशाच्या वाढीनेही संदेश नेईनासा होतो. एमआरआय येण्यापूर्वी तर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का हे पाहत, आणि त्यावरून निदान करत. मीरा-भाईंदरच्या एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला उत्तनचा समुद्र. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात हवेत इतका दमटपणा असतो की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. त्यात खच्चून भरलेला डबा. युरोपातल्या पुस्तकात उन्हाळ्यासाठी लिहिलेला सल्ला इथे वर्षातले आठ-नऊ महिने लागू पडतो. सुदैवाने ही गडबड नवा व्रण पडल्यामुळे होत नाही, आणि शरीर थंड झालं की ओसरते. हे रुग्णाला आणि घरच्यांना माहीत असलं, तर आजार पुन्हा उसळला या भीतीने विनाकारण दवाखान्यात धावपळ होत नाही. (ताप किंवा लघवीचा संसर्ग असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवं, कारण त्यानेही हेच घडतं.) गार पाण्याने अंघोळ, मानेवर ओला रुमाल, थंड पाणी, गर्दी टाळून प्रवासाची वेळ, आणि शक्य असेल तेव्हा वातानुकूलित लोकल. निरोगी प्रवाशासाठी ही चैन असेल. एमएसच्या रुग्णासाठी तो उपचाराचा भाग आहे.

विचारांच्या मंदपणाकडे वळू. इथे सर्वांत जास्त मार बसतो तो माहिती पचवण्याच्या वेगाला. त्याखालोखाल नव्या गोष्टी लक्षात ठेवणं, लक्ष एका कामावरून दुसऱ्यावर नेणं, बोलताना नेमका शब्द सापडणं. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता फोनवर बोलणं जमत नाही. चारजण एकदम बोलू लागले की संभाषणाचा धागा सुटतो. हिशेब येतो, पण वेळ लागतो. हे वयोमानाने होणारं विसराळूपण नव्हे, आणि म्हातारपणचा स्मृतिभ्रंशही नव्हे. त्या भीतीने हादरलेल्या रुग्णांना हे स्पष्ट सांगायला हवं. मोजायची सोपी सोय आहे. नऊ चिन्हं आणि त्यांचे नऊ अंक वर छापलेले असतात, खाली नुसती चिन्हं, आणि ९० सेकंदांत जितके अंक सांगता येतील तितके सांगायचे. सिम्बल डिजिट मोडॅलिटीज टेस्ट या नावाची ही चाचणी एमएससाठी सर्वांत विश्वासार्ह छोटी चाचणी मानली जाते. तिला स्मृतीच्या दोन चाचण्यांची जोड देऊन १५ मिनिटांचा संच २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सुचवला. ‘ओपीडीत वेळ कुठे आहे?’ ही डॉक्टरांची अडचण खोटी नाही. पण ९० सेकंदांची चाचणी परिचारिका किंवा सहायकही घेऊ शकतो, आणि वर्षातून एकदा पुरते. प्रतिक्षिप्त क्रिया तपासायला याहून जास्त वेळ जातो.

राव यांच्याच अभ्यासाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शारीरिक अपंगत्व सारखंच असलेल्या रुग्णांत ज्यांच्या विचारशक्तीवर परिणाम झाला होता, त्यांच्यापैकी कमी लोक नोकरीत टिकले होते, त्यांचं लोकांत मिसळणं कमी झालं होतं, आणि घरकामातही त्यांना जास्त मदत लागत होती. म्हणजे उत्पन्न कोणाचं बंद होणार हे केवळ पाय सांगत नव्हते. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या कुटुंबाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. इथे घराचा हप्ता दोन पगारांवर चालतो. त्यातला एक पगार ‘हल्ली कामात लक्ष नाही’ या शेऱ्याने जातो, आणि तो शेरा मेंदूतल्या व्रणांचा आहे हे ना साहेबाला कळतं ना खुद्द कर्मचाऱ्याला.

तिसरी गोष्ट मनःस्थिती. दवाखान्यांत केलेल्या अभ्यासांनुसार एमएस असलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तीव्र नैराश्याचा झटका येतो. इथला आक्षेप सहानुभूतीतून येतो: ‘असा आजार झाल्यावर कोण खूश राहील? दुःख होणारच.’ दुःख होतंच, आणि त्याचा मान राखायला हवा. पण नैराश्य केवळ दुःख असतं, तर अपंगत्व जास्त त्याला नैराश्य जास्त असा हिशेब जुळला असता. तो नीट जुळत नाही. चालतं-फिरतं असूनही खोल गर्तेत गेलेले रुग्ण आहेत, आणि चाकाच्या खुर्चीत बसून उमेदीने जगणारेही आहेत. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांनी २००४मध्ये दाखवलं की नैराश्य असलेल्या रुग्णांच्या मेंदूत डाव्या बाजूच्या पुढच्या भागात विशिष्ट ठिकाणी व्रण अधिक असतात. आजार उसळल्यावर शिरेतून देण्यात येणारं स्टिरॉइडही काही दिवस झोप उडवतं आणि मनाला हेलकावे देतं. म्हणजे दुःख आणि मेंदूतली सूज दोन्ही एकत्र काम करतात, आणि दुःख समजण्यासारखं आहे म्हणून उपचार टाळणं हे तापाचं कारण कळलं म्हणून औषध न देण्याइतकंच चुकीचं आहे. हलगर्जीपणाला इथे जागा नाही, कारण एमएसच्या रुग्णांत आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त असल्याचं अनेक देशांतल्या नोंदी सांगतात. मन तिथवर पोचलंय असं वाटलं तर सरळ विचारावं. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही उपलब्ध आहे.

आणखी एक त्रास आहे, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. सुमारे दहापैकी एका रुग्णाला मनात तशी भावना नसताना रडू फुटतं किंवा हसू आवरत नाही. कोणाच्या दशक्रियेला हसू आलं, तर लोक काय अर्थ काढतील ते सांगायला नको. त्यानंतर तो माणूस लग्न-बारशालाही जायचं टाळू लागतो. हा भावना आवरणाऱ्या मेंदूच्या जोडणीतला बिघाड आहे. त्यात माणसाच्या स्वभावाचा किंवा संस्कारांचा काही दोष नाही, आणि त्यावर औषधं आहेत.

हे तिन्ही त्रास एकमेकांत गुंतलेले असतात. नैराश्य विचार मंदावतं, अपुरी झोप दोन्ही वाढवते, थकव्यामुळे माणूस घरात बसतो आणि एकटेपणा उदासी वाढवतो. यावरून काहीजण म्हणतात की मग वेगळं मोजून उपयोग काय, सगळं एकच गाठोडं आहे. मला नेमकं उलटं वाटतं. गाठोडं सोडवायचं तर कोणता धागा आधी ओढायचा हे कळावं लागतं. चाचणीत वेग चांगला आला आणि नैराश्याची प्रश्नावली वर गेली, तर आधी मनावर उपचार. दोन्ही ठीक आणि थकवा जबर, तर झोप, रक्त, औषधं तपासायची. वेगच वर्षभरात घसरला असेल, तर आजार आतून सक्रिय आहे का हे पाहण्यासाठी नवा एमआरआय आणि मूळ उपचाराचा फेरविचार. मोजल्याशिवाय हे तिन्ही रुग्ण ‘गळून गेल्यासारखं वाटतं’ या एकाच वाक्यात बसतात आणि एकच बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेऊन घरी परततात.

सर्वांत वजनदार आक्षेप उपायांचा आहे. २०२१मध्ये अमेरिकेत १४१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत थकव्यासाठी सर्रास लिहून दिली जाणारी तीन औषधं, म्हणजे अमँटाडिन, मोडॅफिनिल आणि मेथिलफेनिडेट, आळीपाळीने देऊन पाहिली. तिन्ही औषधं औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत, त्रास मात्र जास्त झाला. स्मृतीसाठी डोनेपेझिल वापरून पाहिलं, तेही २०११च्या चाचणीत निष्प्रभ ठरलं. मग जे बरं करता येत नाही ते मोजून रुग्णाला आणखी घाबरवायचं कशाला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण गोळी नाही म्हणजे उपाय नाही, हे खरं नव्हे. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३६ रुग्णांच्या अभ्यासात विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी वर्तनोपचार पद्धती मोडॅफिनिलच्या तोडीची ठरली, आणि दोन्ही गटांत थकवा कमी झाला. दोन्ही एकत्र देऊन मात्र जादा फायदा दिसला नाही. एकेकाळी डॉक्टर एमएसच्या रुग्णाला व्यायाम नको, विश्रांती घ्या असं सांगत. आज बेताचा, नियमित व्यायाम थकवा आणि उदासी दोन्हींवर गुणकारी आहे असं पुरावा सांगतो. भाईंदर पूर्वेला राहणाऱ्या माणसाने ऊन चढायच्या आत जेसल पार्कच्या खाडीकाठी केलेली अर्ध्या तासाची चाल हा त्यातलाच प्रकार. स्मृतीसाठी २०१३मध्ये ८६ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात, लक्षात ठेवायच्या गोष्टींची चित्रं आणि कथा मनात गुंफायला शिकवल्यावर शिकण्याची क्षमता सुधारली. आणि मुळातला उपाय म्हणजे आजाराला लगाम घालणारी औषधं लवकर सुरू करणं, कारण मेंदूचा जो भाग वाचतो तोच पुढे कामाला येतो. ही औषधं महाग आहेत आणि त्यांच्या खर्चाचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे.

उरतो तो लोकलाजेचा आणि नोकरीचा प्रश्न. ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला ‘ठाण्याला पाठवायला हवं’ या टोमण्याचा अर्थ लहानपणापासून माहीत असतो. १९०१पासून तिथे उभ्या असलेल्या मनोरुग्णालयाने असंख्य लोकांना आधार दिला, पण त्याचं नाव आपण हिणवण्यासाठी वापरलं. अशा वातावरणात ‘विचारशक्ती मंदावली’ असं कागदावर लिहून घ्यायला कोण तयार होईल? साहेबाला कळलं तर बढती जाईल, सासरी कळलं तर त्याहून वाईट. ही भीती वाजवी आहे, आणि कोणी आपला अहवाल कार्यालयात दाखवावा असं मी म्हणणार नाही. चाचणीचा निकाल रुग्णाचा असतो, तो कोणाला सांगायचा हे त्यानेच ठरवावं. पण डॉक्टरांपासून आणि स्वतःपासून तो लपवला, तर नुकसान आपलंच. ज्याला ठाऊक आहे की आपलं डोकं सकाळी तरतरीत असतं, तो अवघड काम सकाळी ठेवतो, सूचना लिहून घेतो, एका वेळी एकच फाइल उघडतो. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. ज्याला ठाऊक नाही, तो स्वतःला बिनकामाचा ठरवून राजीनामा देतो.

कायदाही थोडा सोबत आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य केलेल्या एकवीस अपंगत्वांत मल्टिपल स्क्लेरॉसिसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही, आणि कामात योग्य त्या सोयी करून देणं तिच्यावर बंधनकारक आहे. खासगी कंपन्यांनाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं, मात्र तिथलं संरक्षण पातळ आहे हे मान्य करायला हवं. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. केसपेपरवर वर्षानुवर्षं फक्त ‘चालणं ठीक’ एवढंच लिहिलं असेल, तर वैद्यकीय मंडळासमोर थकवा आणि मंदावलेली आकलनशक्ती मांडायला रुग्णाजवळ पुरावा नसतो. दर वर्षीच्या चाचणीचे आकडे नोंदलेले असतील, तर तो असतो. नियमित मोजणीचा हा फायदा डॉक्टरांच्याही सहसा लक्षात येत नाही.

घरच्यांचा वाटा यात मोठा आहे. आपल्या घरांत आजारी सून किंवा मुलगी दिसायला ठणठणीत असली की ‘आळस आहे’, ‘नाटकं आहेत’, ‘मनावर घेऊ नकोस’ यांपैकी काहीतरी ऐकवलं जातं. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट असतंच असं नाही. दिसतं ते पाय, आणि पाय चालत असतात. म्हणून निदानानंतरच्या पहिल्या दोन-तीन भेटींत नवऱ्याला, सासूबाईंना, आईवडिलांना डॉक्टरांसमोर बसवून थकवा आणि विसर या आजाराच्या खुणा आहेत हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवणं फार मोलाचं ठरतं. घरातली व्यक्ती सांगते तेव्हा ती सबब वाटते. १९८५ साली मुंबईत स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना आणि कुटुंबांना एकमेकांशी जोडते. तोच अनुभव घेतलेल्या दुसऱ्या घराशी बोलणं झालं की बरीच समजावणी आपोआप होते.

शहरातल्या सोयींचं म्हणाल, तर मेंदूविकार आणि मानसोपचार दोन्हींत मुरलेले तज्ज्ञ दक्षिण मुंबईत एकवटलेले आहेत. दमट हवेत दीड तासाचा प्रवास करून समुपदेशनाला पोचणारा माणूस तिथे पोचेपर्यंतच थकलेला असतो. यावर एक सिद्ध झालेली वाट आहे. डेव्हिड मोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एमएस आणि नैराश्य दोन्ही असलेल्या १२७ रुग्णांवर सोळा आठवडे उपचार केले आणि निष्कर्ष २००५मध्ये प्रसिद्ध केले. दोन प्रकारच्या मानसोपचारांची तुलना त्यांनी केली. दोन्हींनी नैराश्य कमी झालं, वर्तनोपचाराने अधिक. सगळ्या बैठका टेलिफोनवर झाल्या होत्या. भाईंदरच्या टेंबा रुग्णालयापासून मीरा रोडच्या खासगी दवाखान्यांपर्यंत कुठेही, एमएसच्या रुग्णाला आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी मराठीत, हिंदीत किंवा गुजरातीत फोन करणारा एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला नव्या इमारतीची गरज नाही, आणि रुग्णालाही त्यासाठी लोकल पकडावी लागणार नाही.